कालिंदीबाईंचा सातवा खडा

देवाला राग खपत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी गिरगावातील पोफळवाडीच्या कालिंदीबाई बेहेरे यांना एकदा रागावलेले पाहावे. या बाई हात जोडून रागावतात. निरांजन ओवाळताना रागावतात, तुळशीला पाणी घालताना रागावतात, आणि आरती संपल्यावर कापूर विझायच्या आत उरलेला राग पुरा करतात. वाडीतले लोक हसून म्हणतात, "पहाटे नळाला पाणी येतं आणि काकूंना राग. पाणी निदान तासाभराने जातं." पण सज्जनहो, ज्याला प्रेम नाही त्याला रागावण्याचे कारण काय? रस्त्यात कोणी कचरा टाकला तर आपण पुढे जातो. आईच्या पदरावर कोणी टाकला तर हात उगारतो. कालिंदीबाईंचा हात असा सदैव उगारलेला होता, आणि ज्या पदरासाठी तो उगारलेला होता, तो होता वाडीच्या मागून वाहणारा एक ओहोळ.

पोफळवाडी टेकडीच्या पायथ्याशी आहे. टेकडीवर पडलेला पाऊस खाली यायला निघतो. एक धार दुसरीला मिळते, दुसरी तिसरीला, आणि खडकाच्या खोबणीतून त्या साऱ्या एकवटून वाडीच्या मागे उतरतात. हा ओहोळ ज्येष्ठात जागा होतो आणि कार्तिकात निजतो. पुढे तो रस्त्याखालच्या गटारात शिरून समुद्राला मिळतो. नकाशात त्याला नाव नाही. महानगराला तो ठाऊकही नसेल. पण कालिंदीबाई कोकणातून लग्न होऊन वाडीत आल्या, तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, सुनेला देवघर दाखवले, स्वयंपाकघर दाखवले, आणि मग मागच्या दाराने नेऊन ओहोळ दाखवला.

"सूनबाई, ही वाडी कोणाच्या मालकीची?" तात्यांनी विचारले होते.

"घरमालकांच्या," नव्या सुनेने भीतभीत सांगितले.

"घरमालक भाडं घेतात. मालक हा. टेकडी खरवडून ह्याने माती आणली, इथे पसरली, त्या मातीत पोफळी लागल्या, पोफळींवरून वाडीला नाव पडलं. आपण ह्याच्या अंगणात राहतो. तेवढं लक्षात ठेवलंस की पुरे."

तिने तेवढे लक्षात ठेवले. पन्नास वर्षे होत आली. तेवढे मात्र विसरली नाही.

तात्यांचा एक नेम होता. भाद्रपदात गौरी येण्याआधी ते धोतर गुडघ्यावर खोचत, माळ्यावरची पहार काढत आणि ओहोळात उतरत. टेकडी सोडून सपाटीला लागले की पाणी पसरते, दम खाते, आणि दम खाताना डोक्यावरचे ओझे खाली ठेवते: आधी मोठे धोंडे, मग गोटे, मग खडे, शेवटी वाळू. हे ओझे मधोमध साचले की पाणी कडेला सरकते. म्हणून तात्या मधले धोंडे पहारीने ढकलून बाजूला करीत आणि ओहोळाचा असा भांग पाडीत की पाण्याने मधूनच जावे. डाव्या अंगाला शेवटच्या चाळीची जुनी दगडी भिंत होती. भिंत आणि ओहोळ यांच्यामध्ये मातीचा एक पट्टा होता, आणि त्या पट्ट्यावर श्रावणात तेरडा फुलायचा. ओहोळाने भिंतीला हात लावायचा नाही आणि भिंतीने ओहोळाला अडवायचे नाही, असा तो करार. मध्ये साक्षीला तेरडा.

बेहेऱ्यांकडे गौरी खड्यांच्या. मुखवटा नाही, साडी नाही, उभी मूर्ती नाही. घरच्या सवाष्णीने तोंडात पाण्याची चूळ धरायची, म्हणजे वाटेत बोलणे नको. वाहत्या पाण्यात वाकून सात खडे उचलायचे, तामणात ठेवायचे, आणि मागे न पाहता घरी यायचे. मागून एकीने घंटा वाजवायची. उंबरठ्यावर दूधपाण्याने पाय धुऊन घ्यायचे, घरधन्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, आणि सात खडे पाटावर मांडायचे. तीच माय, तीच माहेरवाशीण. कुठल्या कारागिराने घडवली? कोणी नाही. टेकडीच्या काळ्या खडकाचा तुकडा निखळला, पाण्याने त्याला लोळवले, आपटले, घासले, त्याचा प्रत्येक कोपरा हळूहळू काढून घेतला, आणि जेव्हा त्याच्याजवळ टोचण्यासारखे काहीच उरले नाही, तेव्हा तो देव्हाऱ्यात बसायच्या योग्यतेचा झाला. एवढी घडण पाहून कोणाचे मस्तक नमणार नाही?

पण पोफळवाडीचे मस्तक नमले नाही. पोफळवाडीने सिमेंट आणले.

तात्या गेले त्याला चार वर्षे झाली होती. कालिंदीबाईंचे यजमान रमाकांतराव विमा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, स्वभावाने सौम्य, गुडघ्यांनी थकलेले, आणि वाडीच्या उत्सव मंडळाचे अध्यक्ष. पहार माळ्यावर गंजत होती. तिच्याऐवजी रमाकांतरावांनी मंडळापुढे एक ठराव मांडला: ओहोळावर घाट बांधावा. तीन पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा, आणि खालच्या अंगाला गुडघाभर उंचीचा बंधारा, म्हणजे पाणी साठून घोटाभर राहील आणि गौरीच्या दिवशी बायकांची सोय होईल. दर्शनी संगमरवरी पाटी: कै. तात्या बेहेरे स्मृती गौरीघाट.

मंडळाचा सचिव धनेश याला ही कल्पना फारच आवडली. धनेश तरुण, उत्साही, मनाने निर्मळ आणि हाताने अतिशय घातक.

"पायऱ्या करा," कालिंदीबाई म्हणाल्या. "बंधारा कशाला?"

"काकू, बंधारा नाही हो तो. छोटासा पूल समजा, स्विमिंग पूल. पाणी कसं मस्त स्थिर राहील. रील पण झकास येईल."

"गौरी वाहत्या पाण्यातून आणतात. स्थिर पाण्यातून डास आणतात."

"काय काकू तुम्ही पण! तात्यांचंच नाव देतोय ना आपण?"

"नाव देताय, आणि ज्याच्यासाठी ते जन्मभर चिखलात उभे राहिले त्याच्या गळ्यात फास घालताय."

सभा हसली. रमाकांतराव हसले नाहीत. पण त्यांनी ठराव मागेही घेतला नाही. वैशाखात घाट झाला. तेरड्याच्या अर्ध्या पट्ट्यावर कठड्याचे काँक्रीट पसरले. उद्घाटनाला पेढे वाटले गेले, आणि कालिंदीबाईंनी आपला पेढा कागदासकट बंधाऱ्यावर ठेवून दिला. "ह्यालाच भरवा. ह्यालाच लागणार आहे खायला, सारा पावसाळाभर."

आणि बंधाऱ्याने खाल्ले. पाण्याचा स्वभाव साधा आहे: धावते तेव्हा घेते, थांबते तेव्हा ठेवते. आषाढात ओहोळ टेकडीवरून धावत आला, बंधाऱ्याला अडून थांबला, आणि डोक्यावरचे सारे ओझे त्याने तिथेच ठेवले. आठवड्याने आणखी. श्रावण लागेपर्यंत घाट पायरीपर्यंत वाळूगोट्यांनी भरून गेला. खाली खडा म्हणून जाईना. धनेशने तेव्हा काय केले? फुलांच्या कुंड्यांत घालतात ते पांढरे, यंत्रात गुळगुळीत केलेले खडे त्याने पोतेभर आणले आणि घाटाच्या पायऱ्यांवर ओतले.

"काकू, बघा! एकही काळा नाही. वेचायचीसुद्धा गरज नाही."

कालिंदीबाईंनी एक खडा उचलला, तळहातावर फिरवला आणि म्हणाल्या, "ह्याला पाणी कधी भेटलं होतं?"

"पॅकिंगच्या आधी धुतात ना, काकू."

त्यावर त्यांनी तो खडा त्याच्याच हातात परत ठेवला. पण खरे संकट पांढऱ्या खड्यांचे नव्हते. ते शैलाच्या खोलीत उभे होते.

शैला शेवटच्या चाळीत, तळमजल्यावर, मागच्या दगडी भिंतीला टेकून असलेल्या खोलीत एकटी राहते. जन्मभर टायपिंगच्या क्लासमध्ये मुलींची बोटे चालवायला शिकवून आता ती निवृत्त झाली आहे. लग्न केले नाही, कोणावर ओझे टाकले नाही. दरवर्षी गौरीच्या मागून घंटा वाजवण्याचा मान तिचा. श्रावणात ती कालिंदीबाईंकडे आली आणि दाराशीच उभी राहून म्हणाली, "वहिनी, माझ्या पलंगाखालची फरशी पोकळ वाजते. आणि कोपऱ्यातून लाल पाणी येतं. पाणी नुसतं येत नाही हो, माती घेऊन येतं."

कालिंदीबाई मागे जाऊन पाहून आल्या. घाट भरल्यावर ओहोळाला मधली वाट उरली नव्हती. तो डावीकडे सरकला होता, कठड्याच्या बाहेरून, जिथे तेरडा होता तिथून, आणि सरळ भिंतीच्या पायाशी घासत उताराने धावत होता. पट्ट्याची माती केव्हाच समुद्राला मिळाली होती. आता भिंतीच्या पोटाखालची चालली होती.

मांडवात सभा भरली. कालिंदीबाईंनी उभ्याउभ्याच सांगितले, "बंधारा फोडा. आजच. भिंतीखालून माती जाते आहे."

"काकू, ते टेकडीवरच्या टॉवरचं पाणी आहे," धनेश म्हणाला, आणि सगळ्या माना एकदम हलल्या. टॉवरला दोष देणे सर्वांना सोयीचे होते. टॉवर उंच होता, दूर होता, आणि सभेला आलेला नव्हता.

"टॉवरवाल्यांना मी तुझ्या जन्माआधीपासून शिव्या देते आहे," कालिंदीबाई कडाडल्या. "टेकडीवर त्यांनी फरश्या घातल्या. जिरायचं ते पाणी आता एकदम खाली येतं, हे मला शिकवू नकोस. पण खाली आलेल्या पाण्याचं तोंड शैलाच्या भिंतीकडे कोणी वळवलं? टॉवरने? तो बंधारा टॉवरने बांधला? पेढे टॉवरने वाटले?"

मग सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिले. रमाकांतराव खाली पाहत म्हणाले, "अगं, चार दिवसांवर गणपती आलेत. बाबांच्या नावाची वास्तू आहे. सणाच्या तोंडावर तिच्यावर हातोडा कसा चालवायचा? विसर्जन होऊ दे. मग बघू."

"मग बघायला भिंत राहिली तर!"

"तू नेहमीच टोकाचं बोलतेस."

"अहो, नेहमी माझं कोणी मध्यावर ऐकत नाही, म्हणून टोकाला जावं लागतं!"

सभा पुन्हा हसली. ज्या सभेला हसू आले की आपण सुटलो असे वाटते, तिची कीव यावी की चीड? शैला मात्र हसली नाही. तिला घरी परतून त्याच पोकळ फरशीवरच्या पलंगावर पाठ टेकायची होती. कालिंदीबाईंनी तिला आपल्या घरी चलायला सांगितले, ती म्हणाली, "गौरी आल्या की येईन. उगाच आधीपासून कशाला अडचण?" आयुष्यभर कोणाची अडचण न झालेल्या माणसाला संकटातही दुसऱ्याचे दार आपल्यासाठी उघडे वाटत नाही.

गणपती बसले. गौरीच्या आवाहनाचा दिवस उजाडला तो पाऊस घेऊनच. सकाळभर टेकडी धुतली जात होती. दुपारी पाऊस जरा ओसरल्यावर कालिंदीबाई नऊवारी नेसल्या, नथ घातली, तामण घेतले. घोटभर पाणी तोंडात धरले आणि ओठ मिटले. आता घरी येईपर्यंत शब्द नाही. मागे शैला, हातात घंटा, डोक्यावर छत्री.

घाट सजवलेला होता. कठड्याला झेंडूच्या माळा, पायऱ्यांवर पांढऱ्या खड्यांची आरास, वर प्लॅस्टिक ताणून राखलेली रांगोळी, आणि संगमरवरी पाटीला ताजे हळदकुंकू. तिथे सगळे होते. फक्त पाणी नव्हते.

पायऱ्या वरच्या सरींनी भिजल्या असतील तेवढ्याच. ओहोळ घाट सोडून गेला होता. सारे अंग गोळा करून, तांबडा लाल होऊन, तो भिंतीच्या पायाशी गर्जत होता, आणि भिंतीखाली त्याने एवढी पोकळी केली होती की एखादी बाई आत मांडी घालून बसेल.

शैलाच्या हातातली घंटा थांबली. "वहिनी," ती म्हणाली, आणि घंटा धरलेला हात तिने भिंतीकडे केला. भिंतीच्या पलीकडे तिचा पलंग होता, तिचा टाईपरायटर होता, तिच्या आईचा फोटो होता.

कालिंदीबाईंच्या छातीत महिन्याभराचा राग उसळून गळ्यापर्यंत आला, आणि गळ्यापाशी गौरीची चूळ उभी होती. ओरडावे तर व्रत मोडते. न ओरडावे तर प्राण जातो. कठड्यापाशी उभा असलेला धनेश मोबाईल सावरत म्हणाला, "काकू, या ना, इथून, पायऱ्यांवरून. पाणी नाहीये, पण मी बादली आणवतो. दोन मिनिटं."

बादली! गौरीला बादली! कालिंदीबाईंनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने मोबाईल खाली केला. मग त्या वळल्या. पायऱ्यांकडे नाही; कठड्याच्या बाहेर, जिथे पाणी होते तिथे. शैलाने हात पुढे केला तो त्यांनी धरला, लुगडे वर खोचले, आणि त्या गुडघाभर तांबड्या पाण्यात उतरल्या. ज्या वयात माणसे जिन्याचा कठडा सोडत नाहीत, त्या वयात ही बाई ओहोळात उभी राहिली. एक हात भिंतीवर, एक हात पाण्यात, तामण काठावर. वाहत्या पाण्यातून घ्यायचे ना? इथे वाहते आहे. जे हाताला लागेल ते मायेने दिले. एक खडा, दुसरा, तिसरा. पूर्वीसारखे गोल नव्हते. ताजे, धारदार, बोटांना कापणारे. सातवा हाताला लागला तो हलका होता. त्यांनी तो पाण्याबाहेर काढून पाहिला, क्षणभर डोळे मिटले, आणि तामणात ठेवला.

"वाजव" असे त्यांनी शैलाला मानेनेच सांगितले. घंटा पुन्हा वाजू लागली, वेडीवाकडी. मागे न पाहता कालिंदीबाई वाडीतून चालत आल्या. सज्ज्यांतून माणसे पाहत होती. धनेश मागून येत होता. त्यांच्या लुगड्यातून तांबडे पाणी निथळत होते, आणि मागे सगळ्या वाडीभर त्या पाण्याची रेघ उठत होती.

उंबरठ्यावर रमाकांतराव सोवळे नेसून उभे होते. बायकोची ती दशा पाहून ते दचकले. पण विधी सुरू झाला होता. शेजारणीने दूधपाणी पायांवर घातले, आणि त्यांच्या तोंडून वर्षानुवर्षांच्या सवयीने पहिला प्रश्न निघाला.

"गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

सोन्याच्या पावलांनी, असे उत्तर असते. कालिंदीबाईंनी चूळ तुळशीच्या मुळाशी सोडली, तोंड पुसले, आणि वरच्या मजल्यावरच्या सज्ज्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"चिखलाच्या पावलांनी आली."

कोणीतरी हसले. रमाकांतरावांच्या ओठांवर दुसरा प्रश्न तयारच होता. तो थांबवायच्या आत निघून गेला.

"काय घेऊन आली?"

"शैलाची भिंत घेऊन आली."

तामणातला सातवा खडा त्यांनी नवऱ्याच्या तळहातावर ठेवला. पांढुरका, खडबडीत, मध्ये शिंपल्यांचे कण चमकणारा. रमाकांतरावांनी तो उलटसुलट केला. लहानपणी तात्यांनी त्यांचे बोट धरून त्याच भिंतीच्या सांध्यात असे शिंपल्यांचे कण दाखवले होते. तो खडक नव्हता. भिंतीच्या पायाचा जुना चुना होता, दगडाला दगड धरून ठेवणारा.

"अगं, पण हा गौरी म्हणून…" ते म्हणाले. "आजच्या दिवशी…"

"आजच्याच दिवशी! वैशाखापासून मी सांगत होते, माझं ऐकलं नाहीत. आज ती सांगते आहे. तिला काय सांगता? विसर्जन होऊ दे, मग बघू?"

"बाबांचं नाव आहे त्यावर."

"नाव दगडावर आहे. बाबा पाण्यात होते. पहार घेऊन, गुडघाभर. नाव राखलंत आणि पहार गंजवलीत!"

आता रमाकांतरावांचाही तोल गेला. सगळ्या वाडीसमोर हा सौम्य माणूस ओरडला, "कोणासाठी बांधला तो घाट? विचार ना! दोन वर्षांमागे खडे आणताना शेवाळावरून पडलीस. गुडघा फोडून घेतलास. घरी येऊन काय म्हणालीस? वाडीत एवढे पुरुष, पण बायकांसाठी चार पायऱ्या बांधायचं कोणाला सुचत नाही. मला सुचलं! बाबांचं नाव लोकांना सांगायला होतं. घाट तुझ्यासाठी होता. पाणी शांत असावं, तुझा पाय घसरू नये, म्हणून बंधारा. आता बोल."

कालिंदीबाईंना ते पडणे आठवले, ते बोलणे आठवले. तो बंधारा, ज्याला त्यांनी वैशाखापासून शिव्या घातल्या, तो त्यांच्याच दुखऱ्या गुडघ्याभोवती कोणीतरी न सांगता घातलेला हात होता. सज्जनहो, इथे एखादीचे डोळे भरले असते आणि गोष्ट संपली असती. कालिंदीबाईंचे डोळे भरले. पण राग त्याहून वर आला. कारण प्रेमाने बांधले म्हणून पाणी वळायचे थोडेच थांबते?

"मला पडू द्यायचं होतंत!" त्या म्हणाल्या. "फुटला असता तर माझा गुडघा फुटला असता. शैलाची भिंत नसती फुटली. माझ्यासाठी केलंत ना? मग माझ्यासाठीच मोडा. आत्ता."

रमाकांतरावांनी हातातल्या चुन्याकडे पाहिले. मग दारात उभ्या शैलाकडे पाहिले. तिच्या हातात घंटा तशीच होती, आणि ती घंटेचा लोलक धरून उभी होती, वाजू नये म्हणून. ते आत गेले. सोवळे सोडून जुनी पँट चढवली, स्टुलावर चढून माळ्यावरची पहार काढली आणि बाहेर आले.

"काका, निदान मुहूर्त तरी…" धनेश चाचरला.

"बांधताना मुहूर्त पाहिला होतास ना?" कालिंदीबाई म्हणाल्या. "मग काय झालं त्याचं? चल, घमेली आण. आणि वाडीतल्या त्या सगळ्या हसणाऱ्यांनाही आण."

आधी शैलाचे सामान निघाले: टाईपरायटर, पलंग, आईचा फोटो. मग माणसे ओहोळात उतरली. रमाकांतरावांचे गुडघे दुखत होते; त्यांनी फक्त पहिला घाव घातला आणि पहार धनेशच्या हातात दिली. धनेशने ती घेतली ती मात्र सोडली नाही. बंधारा सिमेंटचा होता, पण घाईचा होता. वरचा थर निघाला तसा तुकड्यातुकड्याने निघत गेला. पाणी लगेच वळले नाही. जे महिन्याने बिघडते ते क्षणात कसे सुधारेल? माणसांनी घमेल्यांनी वाळूगोटे उपसले, मोठे धोंडे भिंतीच्या बाजूला रचले, मध्ये वाट मोकळी केली. मग साचलेल्या ढिगाची कड ढासळली, एक गोटा गडगडला, त्याच्यामागे दहा, आणि ओहोळाने मान वळवली. संध्याकाळच्या आरतीपर्यंत भिंतीपाशी गर्जणारी धार बारीक झाली आणि मधली भरून वाहू लागली. पांढरे खडे तिच्याबरोबर निघाले. "जाऊ देत," कालिंदीबाई वरून म्हणाल्या. "पाणी भेटू दे त्यांना एकदाचं."

घाटाच्या दोन पायऱ्या तेवढ्या राहिल्या. संगमरवरी पाटी रमाकांतरावांनी स्वतः, स्क्रू काढून, पंच्यात गुंडाळून घरी आणली आणि माळ्यावर, जिथे पहार होती तिथे, ठेवली. पहार दाराशी उभी राहिली.

"तेवढी मात्र जपून आणलीत," कालिंदीबाईंनी टोमणा मारला.

"माझे वडील होते ते."

"माझेही होते," त्या म्हणाल्या आणि भाजीभाकरीचा नैवेद्य वाढायला वळल्या. उशीर झाला म्हणून त्या गौरीवर रागावल्या, भाकरी गार झाली म्हणून शेगडीवर रागावल्या. शैला दोनदा "वहिनी, मी मदत करते" म्हणाली म्हणून तिच्यावरही रागावल्या. "माहेरवाशिणीने बसायचं असतं. ती पाटावर बसली आहे ना गप्प? तशी बस!"

दुसऱ्या दिवशी घावन-घाटले झाले. तिसऱ्या दिवशी गौरी निघाल्या. पाऊस थांबला होता, ओहोळ मधूनच वाहत होता. भिंतीच्या पोकळीत दगड रचायला गवंडी सकाळपासून बसला होता. कालिंदीबाईंनी दहीभाताचा नैवेद्य दाखवला, तामणातले खडे एकेक करून पाण्यात सोडले. सहा सोडले. सातवा मुठीत ठेवला आणि भिंतीकडे निघाल्या.

"अगं, सातवाही सोड," मागून रमाकांतराव म्हणाले. "विसर्जन अपुरं राहील."

"राहू दे. तो पाण्याचा नाहीच मुळी. पाण्याने आपल्याकडून नेला होता. ज्याचं त्याला."

हळदकुंकवाने माखलेला तो चुन्याचा तुकडा त्यांनी गवंड्याच्या हातात दिला. गवंडी बुचकळ्यात पडला. "काकू, हा तर जुना मेलेला चुना. ह्याने काही धरणार नाही."

"नवा चुना धरेल. हा नुसता बघेल."

"मग आत दडपू की बाहेरून दिसेल असा लावू?"

"बाहेरून," कालिंदीबाई म्हणाल्या. "पाण्यालाही दिसू दे, आणि ह्या धनेशलाही."

धनेश वरच्या अंगाला गुडघाभर पाण्यात उभा होता, आणि तात्यांच्या पहारीने एक अडलेला धोंडा हलवण्याच्या खटपटीत होता. त्याने मान वर केली. "काकू, हा कुठल्या बाजूला ढकलू?"

"कुठल्या बाजूला!" कालिंदीबाईंनी पदर खोचला आणि पुन्हा रागावल्या. "एवढं सगळं होऊन विचारतोस कुठल्या बाजूला? थांब. हलू नकोस. मीच येते."

रमाकांतरावांनी निमूट हात पुढे केला. कालिंदीबाईंनी तो धरला आणि त्या पाण्यात उतरल्या.